तोफखाना वाढवा

"सटवाजी," महाराज म्हणाले, "उद्यापासून तोफखाना वाढवा."

भर दरबार होता. महाराजांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून पेलमसाहेब बसले होते, टोपी गुडघ्यावर. हे इंग्रजांचे आमच्या तांबुळगड संस्थानातले एजंट. त्यांच्या मागे दोन गोरे कप्तान उभे होते आणि त्या दोघांना मराठीतला 'म' कळत नव्हता. कप्तानांच्या शेजारी मी. मी भिकाजी सोवनी, साहेबांचा मराठीचा मुनशी. तीन वर्षं रोज सकाळी त्यांना मराठी शिकवून मी त्यांची जीभ इतकी वळवली होती की पडद्याआडून ऐकलं तर सदाशिव पेठेतला कारकून बोलतोय असं वाटावं. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

सटवाजी इंगळे हा तोफखान्याचा दरोगा. त्याच्या आज्यापासून या घराण्यानं गडावरच्या तोफा राखल्या. हुकूम ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"समद्या तोफा, सरकार?"

"सगळ्या."

"वाघजाई बी?"

वाघजाई म्हणजे पूर्वेच्या बुरुजावरची थोरली तोफ. गडावर तिला नवस बोलत. महाराजांनी क्षणभर डोळे मिटले.

"वाघजाईसुद्धा."

पेलमसाहेब खुर्चीत किंचित पुढे झाले आणि फार अदबीनं म्हणाले, "महाराज, एकवार पुन्हा सांगण्याची कृपा व्हावी. या कप्तानांनाही ऐकू द्या."

महाराजांनी पुन्हा सांगितलं, शब्द सुटे सुटे करून. "तोफखाना. वाढवा."

साहेब मागे वळून कप्तानांशी हलक्या आवाजात इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. मग उठले, मुजरा केला आणि गेले. महाराजांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांना वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मागणी साहेबांचीच होती. आदल्या आठवड्यात त्यांनी वाड्यावर येऊन, माझ्यासमोर, महाराजांना साफ सांगितलं होतं, "गडावरच्या तोफांची तोंडं घाटाकडे आहेत आणि घाटातून आमच्या पलटणी जातात. तोफखाना बंद करा, तोफा खाली आणून आमच्या स्वाधीन करा. गादी तुमची तुम्हाला लखलाभ." महाराजांना धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. दोन दिवस ते जेवले नाहीत. लढायचं म्हटलं तर शिबंदी ती केवढी, आणि त्यातले निम्मे लोक पेन्शनीच्या वयाचे. शेवटी त्यांनी मान तुकवली. तोफा गेल्या तरी चालतील, गादी राहू दे.

मान तुकवली, पण 'बंद करा' हे शब्द काही त्यांच्या तोंडून येईनात. हैबतराव महाराज एरवी शहाणे गृहस्थ, पण अभद्र शब्दाची त्यांना भारी धास्ती. त्यांचे वडील एकदा पानावरून उठताना "संपलं बुवा" म्हणाले आणि हात धुताधुताच संपले. तेव्हापासून वाड्यात संपणं, मोडणं, बुडणं, बंद होणं या शब्दांना मज्जाव होता. कोठीतले तांदूळ संपले की कोठीवाला 'तांदूळ वाढले' म्हणून वर्दी देई, आणि नवा माणूस असला तर आणखी पोती ठेवायला जागा शोधत फिरे. हसण्यासारखं आहे खरं. पण कुठल्या घरात हे नाही? वाणी संध्याकाळी दुकान वाढवतो, नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. आजोबा-पणजोबांचा तोफखाना महाराजांनी तसाच वाढवला. दरबारात एकालाही अर्थ विचारावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी गडावर गेलो. सटवाजीशी माझी जुनी ओळख, शिवाय असा देखावा पुन्हा दिसणार नव्हता. त्यानं तोफा धुऊन पुसून तेल लावून ठेवल्या होत्या. प्रत्येकीला झेंडूचा हार. वाघजाईसमोर त्याची बायको गोजराबाई निरांजन घेऊन उभी होती. तिनं तोफेला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पदर डोळ्याला लावला.

"अगं, रडाया काय झालं?" सटवाजी तिच्यावर खेकसला, आणि स्वतःच नाक ओढलं. "पंत, लेक सासरी धाडताना बी असं झालं न्हवतं मला."

"साहेब नीट ठेवतील तोफा," मी म्हणालो.

"ठेवतील वो. पर वाघजाईचा बत्तीचा कान तापला की पानी कवा मारायचं, त्ये त्यास्नी कोन सांगनार? मीच सांगतो म्हनलं. खाली पोचलो की कप्तानास्नी समदं समजावून सांगतो."

"त्यांना मराठी येत नाही."

"मग तुमी हायसा की."

बैल जुंपले. गाडे करकरत उतरू लागले. सटवाजी पुढे चालला होता, नवं पागोटं बांधून, जणू वधूपिता. मी शेजारी. घाटाच्या वळणाशी आलो आणि पाहतो तो, खाली रस्ता अडवून अख्खी पलटण उभी. संगिनी चढवलेल्या.

सटवाजी खुश झाला. "बगा पंत, काय मान दिला! घ्याया पलटन आली."

त्यानं पुढे होऊन लवून मुजरा केला. कप्तानानं काहीतरी ओरडून हुकूम दिला आणि मुजऱ्याला खाली गेलेला तोच हात दोन शिपायांनी पिरगाळून पाठीशी बांधला. सटवाजी हसतच होता. त्याला ती काहीतरी इंग्रजी रीत वाटली असावी. बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला तेव्हा त्याचं हसू गेलं.

मी पेलमसाहेबांच्या तंबूकडे धावलो. माझं वय तेव्हा पन्नाशीला आलेलं, धोतर सावरत धावण्याची सवय नाही. "साहेब, घोटाळा झाला! कप्तानांनी सटवाजीला धरलं!"

"घोटाळा नाही, पंत," साहेब शांतपणे म्हणाले. "आम्ही तोफखाना बंद करा म्हणून मागणी केली. महाराजांनी भर दरबारात उत्तर दिलं, वाढवा. आणि आज तोफा पलटणीवर चालून आल्या."

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे एकही बदललं नव्हतं.

"साहेब, वाढवा म्हणजे बंदच करा! शुभ बोलायची रीत आहे ती!"

"असं?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "हे तुम्ही चौकशीत सांगा. उद्या बोलावतील तुम्हाला."

चौकशीला तीन गोरे अधिकारी बसले. मधला पांढऱ्या मिशांचा कर्नल होता, चेहऱ्यावरून भला वाटला. कोपऱ्यात सटवाजी बेड्यांत उभा, ओठ सुजून काळानिळा झालेला. आणि माझी मराठी जबानी इंग्रजीत सांगायला कोण, तर खुद्द पेलमसाहेब. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. तरी मी प्रत्येक वाक्याला कान देऊन होतो. माझं इंग्रजी तुटपुंजं असलं तरी एवढं सांगू शकतो, की त्यांनी माझ्या बोलण्यातला काना-मात्राही इकडचा तिकडे केला नाही. त्यांना ती गरजच नव्हती.

"वाढवणे म्हणजे काय, पंत?" साहेबांनी विचारलं.

"एरवी मोठं करणं. पण या ठिकाणी बंद करणं."

"या ठिकाणी. बरं. वंश वाढवणे म्हणजे काय?"

"वंश... मोठा करणं."

"निर्वंश करणं नव्हे ना?"

"नव्हे."

"मूल वाढवणे? गळा दाबणे की काय?"

त्यांनी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा एक अधिकारी खो खो हसला.

"वाढदिवस, पंत? तुमच्यात तो श्राद्धाला म्हणतात का?"

आता तिघेही हसले. घाम माझ्या जानव्यापर्यंत आला. "साहेब, प्रसंग बघावा लागतो. दिवा वाढवणे म्हणजे विझवणे. लहान पोराला विचारा, तेही सांगेल."

"पोरांच्या साक्षीवर आम्ही राज्य चालवत नाही. तोफांना हार होते?"

"होते! हार घातलेल्या तोफा घेऊन कोणी लढायला जातं का, साहेब?"

"दसऱ्याला तुम्ही शस्त्रांची पूजा करता. मग काय करता?"

मी कर्नलकडे पाहिलं.

"सांगा ना, पंत. शस्त्रपूजा झाली की काय करता?"

"सीमोल्लंघन."

"म्हणजे मुलुखगिरीला निघता." साहेबांनी हे कर्नलला सांगितलं आणि खाली बसले.

कोपऱ्यातून सटवाजी ओरडला, "पंत, त्यास्नी म्हनावं, सरकार बोलले त्येच केलं म्या!"

साहेबांनी तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सटवाजीला वाटलं आपण आपला जीव वाचवला. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याच वाक्यानं महाराजांची गादी आणि त्याची मान एका दोरीत बांधली गेली, हे त्याला सांगायची माझी छाती झाली नाही.

पांढऱ्या मिशांचा कर्नल मात्र चुळबुळत होता. तो साहेबांना काही म्हणाला. साहेबांनी मला ते मराठीत सांगितलं, "कर्नलसाहेबांची इच्छा आहे की महाराजांनी स्वतः इथे येऊन, सगळ्यांना कळेल अशा शब्दांत, आपल्या मनात काय होतं ते सांगावं. तसं झालं तर ते पुन्हा विचार करतील."

मी वाड्यावर गेलो. महाराज देवघरात बसले होते. मी सगळं सांगितलं आणि हात जोडले.

"सरकार, एकदाच. स्पष्ट शब्दांत. सटवाजीचा जीव त्यावर आहे आणि आपली गादीही."

"काय म्हणायचं?"

"बंद केला म्हणा. मोडला म्हणा."

त्यांनी कानांवर हात ठेवले. "पंत, देवासमोर बोलताय."

मला संताप आला. आजही येतो. एक माणूस बेड्यांत उभा आहे आणि हे कानांवर हात ठेवताहेत! मी म्हणालो, "सरकार, शब्दानं तुमचे वडील गेले असतील नसतील, सटवाजी मात्र उद्या शब्दानंच जाणार आहे."

एरवी या बोलण्याबद्दल त्यांनी मला गावाबाहेर काढलं असतं. ते देवासमोरून उठले, आणि अंगरखाही न बदलता माझ्यासोबत निघाले. पालखी बोलवा असंही म्हणाले नाहीत. तांबुळगडचा राजा भर दुपारी बाजारातून पायी चालला होता आणि दुकानदार उठून उभे राहत होते.

तंबूत त्यांना कोणी बसायला सांगितलं नाही. ते मधोमध उभे राहिले. सटवाजीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि बोलायला लागले. आधी आवाज फुटेना. मग असा फुटला की बाहेरचे पहारेकरी डोकावले.

"माझा तोफखाना बंद. मोडला. संपला. बुडाला. माझ्या घरात आता एकही तोफ नाही, दारू नाही, गोळा नाही. मेला माझा तोफखाना. हेच माझ्या मनात होतं. हा माणूस निर्दोष आहे, त्याला सोडा."

सटवाजी ढसढसा रडत होता. महाराजांच्या तोंडून ते शब्द ऐकणं त्याला बेडीपेक्षा जड गेलं असावं. महाराजांची मान ताठ होती. मला वाटलं, जिंकलो. मी राजनिष्ठ वगैरे माणूस नाही, पण त्या क्षणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

पेलमसाहेबांनी प्रत्येक शब्द इंग्रजीत केला, बंद, मोडला, संपला, बुडाला, मेला, पाचही वेगवेगळे. कर्नलच्या मिशा हलल्या. तो विरघळत होता.

मग साहेब महाराजांकडे वळले. "आभारी आहोत, महाराज. आपल्याला हे सारे शब्द येतात, हे आता सिद्ध झालं. तर मग दरबारात यातला एकही का वापरला नाहीत?"

महाराजांनी सटवाजीकडे पाहिलं.

"तोफा पकडल्यावर शब्द बदलले," साहेब म्हणाले, आणि तेवढंच इंग्रजीत कर्नलला सांगितलं. कर्नलनं सुस्कारा सोडला आणि समोरची दौत पुढे ओढली.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. संस्थान खालसा. महाराजांनी तनखा घेऊन कुटुंबासह उत्तरेत जाऊन राहावं. दरोगा सटवाजी इंगळे याला पलटणीवर तोफा आणल्याबद्दल फाशी.

मी साहेबांच्या तंबूबाहेर तसाच बसून राहिलो. ते बाहेर आले तेव्हा मी त्यांचे पाय धरले. ब्राह्मणानं म्लेंच्छाचे पाय धरले म्हणून पुढे गावात बोभाटा झाला. झाला तर झाला.

"साहेब, चूक माझी आहे. तीन वर्षं शिकवलं आणि हा एक अर्थ सांगायचा राहून गेला. अर्धवट शिकवणाऱ्या मास्तराला शिक्षा करा. त्याला सोडा."

त्यांनी मला खांदे धरून उठवलं. डोळ्यांत खरोखरच माया दिसली मला. "मनाला लावून घेऊ नका, पंत. तुमची भाषाच अवघड आहे."

मी त्या शब्दांना चिकटून ती रात्र काढली. भाषा अवघड आहे, गैरसमज झाला, नियती आडवी आली. माणूस कशाकशाला चिकटतो!

सकाळी घाटाच्या वळणावरच्या आंब्याला सटवाजीला फाशी दिलं. वाघजाई तिथेच खाली उभी होती, हार सुकलेला. शेवटी त्यानं मला एवढंच विचारलं, "पंत, माझ्या धाकल्या पोरीला कळतं, आन् इतक्या शिकल्याल्या मानसास्नी कसं न्हाई कळलं वो?" मी म्हणालो, "परके आहेत रे." त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं. मलाही पटलेलं होतं.

ऊन चढल्यावर गोजराबाई प्रेत मागायला आली. बरोबर वाड्यातली म्हातारी दासी साळूबाई होती. वाड्यातून आणखी कोणी यायला धजावलं नव्हतं. पहारेकरी त्यांना पुढे सोडेनात. गोजराबाई रडत नव्हती. नुसती झाडाकडे बघत उभी होती, जणू तिकडे टांगलेलं काय आहे हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गलका ऐकून पेलमसाहेब तंबूतून आले. पहारेकऱ्यांना त्यांनी बाजूला केलं. प्रेत खाली उतरवायला सांगितलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, गोजराबाईपासून चार हात दूर, मर्यादा राखून उभे राहिले, आणि खाली बघत अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाई, आता बांगड्या वाढवा."

मी त्यांच्याकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते. धड्याला बसताना एखादं अवघड वाक्य जमलं की ते असंच बघायचे.

"चुकलो नाही ना, पंत?"

त्यांच्या मागे पहारेकरी होते, समोर गोजराबाई होती आणि प्रेत अजून ताब्यात मिळालेलं नव्हतं.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "अगदी बरोबर."

त्यांनी समाधानानं मान हलवली, टोपी घातली आणि तंबूत गेले.

गोजराबाई खाली बसली. तिनं वाटेतला एक दगड जवळ ओढला आणि त्यावर मनगट ठेवलं. साळूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग पदरानं डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब परका मानूस, पर बोलायची रीत हाय बगा त्याला. आपला कोतवाल असता, तर 'फोड' म्हनला असता."